बारा कुंड्या आणि एक खरारा

मालकीणबाई दवाखान्यातून परत येणार नाहीत हे कळले, त्या दिवशी मी तबेल्याच्या दाराशी खिळ्यावर लटकत होतो. मालक आत आले, घोड्यांना पाणी दाखवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. घोडे चिखलाने माखलेलेच राहिले.

मित्रांनो, मी एक जुना खरारा आहे. लोखंडी दातांचा, लाकडी मुठीचा. घोड्याच्या अंगावरचा चिखल, गळके केस, चिकटलेल्या बिया मी ओढून काढतो. माझी मूठ बाईंच्याच हाताने गुळगुळीत झाली आहे.

बाई धडधाकट होत्या, तेव्हापासूनची ही गोष्ट. टेकडीवरच्या जंगलातून घोड्यांची वाट जाते. तिच्या कडेने पिवळ्या फुलांचे काटेरी तण माजले. एक दिवस जंगलाचा रखवालदार आला आणि म्हणाला, "वहिनी, हे तुमच्या घोड्यांचे प्रताप. लीदेतून, केसांतून तेच बी पसरवतात. वाट बंद करावी लागणार."

"असतील. नसतीलही," बाई म्हणाल्या. "पसरवताना तुम्ही पाहिलं नाहीत, मीही नाही. मग बघू या की."

त्यांनी बारा कुंड्या आणल्या. मातीत आधीचे बी जिवंत राहू नये म्हणून ती तव्यावर भाजली. मालक स्वयंपाकघरात डोकावले. "आज मातीची भाजी वाटतं?"

"तुम्हाला फरक कळणार आहे थोडाच."

चार कुंड्यांत लीद घातली. चारांत जंगलातल्या फेरीनंतर मी घोड्यांच्या अंगावरून काढलेला कचरा झटकला. चारांत नुसती माती.

"या रिकाम्या कशाला?" मालकांनी विचारले.

"त्याच खऱ्या कामाच्या. त्यांत तण आलं, तर बी दुसरीकडूनच आलं म्हणायचं."

पहिल्या हंगामात लीदेतून साधे गवत भरपूर आले, तण एकही नाही. माझ्या कुंड्यांत मात्र तणाची दोन रोपे आली. मी खजील झालो. रखवालदार खूश झाला. पण बाई म्हणाल्या, "एका हंगामावर मी काही ठरवणार नाही." त्यांनी सगळ्या कुंड्या पुन्हा नव्याने भरल्या, आणि आजारी पडल्या. दवाखान्यात जाताना मालकांना एवढेच बजावले, "कुंड्यांना फक्त पाणी घाला. बाकी हात लावू नका."

आता सांगा, यात न समजण्यासारखे काय आहे? बाई वारल्या आणि पुढच्याच आठवड्यात ऊन कडक झाले. बाईंनी लावलेले करपू नये म्हणून मालकांनी बाराही कुंड्यांवर कोठारातला पेंढा पसरला. जन्मभर ते प्रत्येक रोपाला हेच करत आले. पेंढ्यात कुठल्या कुठल्या शेतांतल्या तणाचे बी असते, हे खराऱ्यालाही कळते. पण खराऱ्याला विचारतो कोण!

महिन्याने रखवालदार आला. बाराही कुंड्यांत तणाची रोपे उभी होती.

"दादा, आता तरी पटलं?"

मालक शेवटच्या चार कुंड्यांपाशी उकिडवे बसले. "या नुसत्या मातीच्या. यांत कुठला घोडा गेला होता?"

रखवालदाराने काडीने पेंढा उचलला. "हा कुणी घातला?"

"मी."

"का?"

"ऊन लागत होतं."

रखवालदाराने काडी टाकून दिली. मग म्हणाला, "पुढचा हंगाम संपेपर्यंत थांबतो. तोवर नीट उत्तर द्या. नाही तर जंगलाच्या फाटकाला कुलूप."

त्यालाही आता पाच महिने झाले. मालकांनी कुंड्या धुऊन उपड्या घातल्या आहेत. तवा मात्र अजून चुलीवर चढलेला नाही. मित्रांनो, कुणाचे अर्धे राहिलेले काम सांभाळायला घ्याल, तर त्याने सांगितले तेवढेच करा. मायेने जास्तीचे काही करू नका.

बाईंनी शेवटच्या फेरीनंतर घोड्याला खरारा केला, तेव्हाचे केस आणि बिया अजून माझ्या दातांत अडकलेल्या आहेत. माती भाजायची आहे, आणि मला कुंडीवर झटकायचे राहिले आहे.