रिंकीच्या बाबांच्या चपला

देवाशी भांडायला जायचं तर चपला घालूनच जायचं, असं मी ठरवलं होतं. त्याही रिंकीच्या बाबांच्या, रबरी, माझ्या पायाला दोन बोटं मोठ्या.

मागच्या चैत्रात हीच वाट मी अनवाणी चालले. त्याआधी हिवाळ्यात रिंकीचे बाबा काविळीनं अंथरुणाला खिळले होते. तेव्हा मी नवस बोलले, हे बरे झाले तर कामठ्यापासून सालेकस्याच्या पल्याडच्या डोंगरातल्या देवापर्यंत अनवाणी येईन. ते बरे झाले आणि मी नको म्हणत असताना सोबत निघाले. दोन दिवसांची वाट, जंगलात जागोजागी वाळला पाचोळा, आणि पाचोळ्यात साप.

"काऊन वो, देवानं चपला घालू नोको म्हनलं का तुले?" असं चिडवत ते काठी आपटत पुढे चालायचे. साप दिसला की थांबायचे आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं त्याला सांगायचे, "सरक बाबा, माही बायको येऊन राह्यली. अनवाणी आहे."

साप खरंच सरकायचे. मी तोंडाला पदर लावून हसायचे.

"एकदा तूच सांग ना, माहं नाव घेऊन," ते म्हणायचे.

लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझ्या आईनं शिकवलं होतं. म्हणून म्हणायचे, "तुमच्या नावाले साप भेत नाई."

नवस फिटला. पावसाळ्यात कावीळ उलटली आणि भादव्यात ते गेले. मी एवढं जपलं, त्याचं काय झालं?

यंदा चैत्र लागला आणि मी एकटीच निघाले. रिंकी म्हणाली, "आई, बसनं जाय ना." ऐकलं नाही. देवाला तोंडावर विचारायचं होतं, परतच घ्यायचं होतं तर दिलं कायले?

त्या चपला सगळी वाट फटक फटक वाजत होत्या. एकही साप आडवा आला नाही. मेल्यावरही माणसाची पुढे चालायची खोड गेली नाही, म्हणत मी चालत राहिले.

डोंगराच्या पायथ्याशी मात्र पायवाटेच्या मधोमध नाग होता. फणा काढलेला. मी थांबले. तो हलला नाही, मीही हलले नाही. मनात आलं, चाव, सुटेन तरी. मग खाली बघितलं. त्यांच्या चपलांत माझे पाय लहान पोरीचे वाटत होते.

"सरक बाबा," मी म्हटलं. "देवचंदची बायको येऊन राह्यली."

फणा हळूहळू खाली गेला. नाग पाचोळ्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

मी तिथंच वाटेत बसले. देवाकडे जायचं राहूनच गेलं. आयुष्य कमी व्हायची भीती आता कोणाला होती? पोटभर हाका मारल्या. देवचंद, देवचंद. ओ देणारं कोणी नव्हतं.