पुढची सीट

गुरम्माला हल्ली दिवसाढवळ्या स्वप्नं पडत. भाजी निवडता निवडता तिच्यापुढे रस्ता यायचा. लांबच लांब, दोन्ही अंगांना तुरीची हिरवी रानं, आणि टोकाला विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी. त्या स्वप्नात ती नेहमी गाडीत पुढे बसलेली असायची. खरं म्हणजे उभ्या जन्मात ती पुढे बसली नव्हती. मारुती घेतली तेव्हा पुढची सीट सासऱ्यांची, ते गेल्यावर दिरांची, मग मुलगा संगमेश्वर मोठा झाला तर त्याची. ही आपली मागे, मांडीवर डबे आणि कुशीत कुणाचं तरी पोर. भाच्याला विष्णुपुरीच्या कॉलेजात सोडायला सगळे गेले, तेव्हा धरण आलं आणि गेलं. हिला दिसला तो नणंदेचा खांदा!

आता सगळे आपापल्या वाटेला लागले होते, पुढची सीट रिकामी होती, तर नजर चालली होती. लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं सगळं विझलं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं, बांगडीतून बघावं तसं. गेलेलं परत येणार नव्हतं आणि उरलेलं किती टिकेल याचा भरवसा नव्हता. परतताना बसमध्ये नवऱ्याने, गुरुपादप्पाने, विचारलं, "काय बघायचं ऱ्हायलंय तुजं?" तिने लाजत पुढच्या सीटचं सांगितलं. मुरुडच्या बाजारात जन्मभर किराणा विकलेला हा माणूस गिऱ्हाइकाशीसुद्धा तोलूनमापून बोलणारा. त्याने हातातल्या तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाला, "दसऱ्याला शीव वलांडायची ती आपल्या गाडीतच. तू पुढं."

बोलायला काय जातं! गाडी कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली. मल्लिनाथ मिस्त्रीने नवी बॅटरी बसवली, टाकी धुतली आणि जुने स्पार्क प्लग काढायला घेतले. असतात तीनच. दोन मुकाट्याने निघाले. तिसरा असा रुतून बसला होता की मल्लिनाथने पाना लावून बघितला आणि लगेच हात आखडला.

"अप्पा, जबरदस्ती न्हाई चालायची. आत मोडला, तर इंजिनचं हेड उतरवावं लागतंय. इतक्या जुन्या गाडीचं ते काम कोन करतंय? मंग भंगारच." त्याने प्लगच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं, पाना तसाच प्लगवर उभा ठेवला आणि म्हणाला, "मुरू द्या. मी दसऱ्याला सकाळीच येतो. तवर सबर करा."

सबर हा शब्द गुरुपादप्पाच्या दुकानात कधी नव्हता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तराजू, अडकित्ता, विळा, कुऱ्हाड, घरातलं झाडून सगळं हत्यार पाटावर मांडून त्याला हळदकुंकू झालं. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. आरती झाली आणि गुरुपादप्पा गायब! गुरम्मा शेडकडे गेली, तर बॉनेट उघडं आणि हे महाशय पान्याला दोन्ही हातांनी धरून उभे.

"अहो, आज नवमी हाय."

"पाटावरच्यांची पूजा झाली. ह्याची कुटं झाली? म्हंजे हा चालतो."

दुकानदाराचा हिशोब, त्यात खोट काढणार कोण? आणि खरं सांगायचं, तर क्षणभर तिलाही वाटलं, फिरवू दे. एक हिसका, की रस्ता मोकळा. उद्या डोळे कसे असतील कुणाला ठाऊक. पण त्याच्या दंडाच्या शिरा ताठलेल्या तिला दिसल्या आणि मल्लिनाथचं 'भंगारच' आठवलं. ती पळतच पूजेचं ताट घेऊन आली. पान्याला हळद लावली, कुंकू लावलं, त्याच्या मुठीवरही दोन बोटं ओढली आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

"झाली पूजा. आता लावा हात."

"लई लबाड हायस," तो म्हणाला. पण त्याने पाना सोडला.

मग दिवसभर दोघं शेडच्या दाराशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. तेलाचा वास येत होता. गुरम्माला वाटलं, ते तेल आता एकेका आट्यावरून खाली उतरत असेल, अंधारात, कुणाची घाई नसल्यासारखं. ऊन सरकलं, तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा तो रस्ता आला. "आत बसून तरी बघ," गुरुपादप्पाने गाडीचं दार उघडलं. ती म्हणाली, "उभ्या गाडीत न्हाई बसायची मी."

दसऱ्याला मल्लिनाथ आला. पान्याला नमस्कार करून त्याने तो आधी जरासा आवळला, मग उलटा फिरवला. काही नाही. पुन्हा आवळला, पुन्हा उलटा. गुरम्माने डोळे मिटून घेतले. कर्र आवाज झाला, मग पाना हलका हलका फिरत गेला आणि काळाकुट्ट प्लग सगळ्या आट्यांसकट बाहेर आला. नवे प्लग बसले. गाडी चारदा खोकली, धूर ओकली आणि चालू झाली! गुरम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मल्लिनाथने तिकडे बघायचं टाळून बॉनेटवर हार चढवला.

शीव ओलांडून गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. गुरम्मा पुढे. समोर स्वप्नातलाच रस्ता होता, काचेतून थेट तिच्या अंगावर येणारा. सोयाबीन काढलेली रानं मागे पडत होती, तुरी हलत होत्या. ती हरखून बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की काहीतरी कमी आहे. मागच्या सीटवरून इतकी वर्षं तिला नवऱ्याची पाठमोरी मान दिसायची, आरशात त्याचे डोळे दिसायचे. आता तो हाताच्या अंतरावर होता आणि नेमका विझलेल्या बाजूला. दिसतच नव्हता.

तिने पाय वर घेतले, सीटवर आडवी वळली आणि तोंड पूर्ण त्याच्याकडे केलं. पिकल्या मिशा, ओठात धरलेली जीभ, कपाळावरची विभूती घामाने ओघळलेली.

"अगं, रस्ता बघ की," गुरुपादप्पा म्हणाला. "धरनापत्तुर जायाचंय. त्याच्यासाटीच तर आलो ना?"

"तुमी बघा रस्ता," गुरम्मा म्हणाली. "मी ऱ्हायलेलं बघायलेय."