खंदकातल्या काठीचं एकच खोटं

मित्रांनो, मी चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या, मैदानावरची जुनी इशाऱ्याची काठी आहे. बारा फूट लांब, एका टोकाला ताटलीएवढी पत्र्याची चकती आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी टोपण. सहलीला तुम्ही मला बघायला येता तेव्हा तुमचे सर सांगतात की जुन्या वस्तू खूप सोसतात आणि सगळ्यांना क्षमा करतात. इतर वस्तूंचं मला माहीत नाही. मी एका माणसावर एकोणीस वर्षं डूख धरून होते, अजूनही आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आधी थोडा इतिहास ऐका, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. लांब पल्ल्याची नेमबाजी नवी होती तेव्हा हजार यार्डांवर लोखंडाचे जाड पत्रे उभे करत. गोळी लागली की टण्ण आवाज व्हायचा आणि आडोशाला बसलेला माणूस झेंडा दाखवायचा. काही नेमबाज तर चक्क उताणे झोपायचे. पाय निशाणाकडे करायचे, बंदुकीची नळी स्वतःच्याच पायावर टेकवायची आणि नेम धरायचा. हसू नका, असे झोपून त्यांनी मोठमोठे सामने मारले आहेत.

पुढे लोखंड गेलं आणि लाकडी चौकटीवर ताणलेला कागद आला. निशाणांच्या पायथ्याशी माणूसभर खोल खंदक खणला, त्याच्या पुढे मातीचा बांध घातला. खंदकातला माणूस गोळी सुटली की चौकट खाली ओढतो, भोक शोधतो, त्यावर कागदाचं ठिगळ डकवतो आणि चौकट पुन्हा वर सारतो. मग जिथे गोळी लागली तिथे काठीची चकती धरतो. मधल्या काळ्या गोलाला आम्ही चांद म्हणतो, तिथे चकती गेली की वर, नेमबाजांच्या टोकाला, टाळ्या पडतात. गोळी कुठेच लागली नसेल तर काठी निशाणासमोरून दोनदा आडवी फिरवायची. इतक्या लांबून भोक दिसत नाही, त्यामुळे काठी सांगेल तेच खरं.

मला शिड्या करणाऱ्या एका सुताराने घडवलं. मी झेंड्याची काठी आहे अशी त्याची समजूत होती, म्हणून त्याने मला जरा जास्तच घासून गुळगुळीत केलं. मी आले ती थेट खंदकात, तिथे निशाणं सांभाळणाऱ्या काकांच्या हाती. काका तिथे सव्वीस वर्षं होते. वर पालथे पडून गोळ्या झाडणाऱ्यांचे चेहरे त्यांनी क्वचितच पाहिले असतील, पण भोकं पाहून ते माणूस ओळखायचे. हा घाईचा आहे, ही वारा नीट वाचते, याचं आज घरी भांडण झालं असणार, असं ते मला सांगायचे. आमच्या नेमबाजी मंडळाच्या अध्यक्षांचा हात सगळ्यात चांगला, हेही काकाच म्हणायचे.

तर त्या वर्षी करंडकाचा सामना होता. सहा नंबरचं निशाण अध्यक्षांचं आणि सात नंबरचं शेजारी पडलेल्या डॉक्टरीणबाईंचं. दोघांची एकेक गोळी उरली होती. दोन्ही बंदुका लागोपाठ वाजल्या. काकांनी सहाची चौकट खाली ओढली तर कागद कोरा. सातची ओढली तर भोकं दोन, त्यातलं एक बरोब्बर चांदात.

मित्रांनो, शेजाऱ्याच्या निशाणावर गोळी झाडणं ही या खेळातली नेहमीची चूक आहे. हजार यार्डांवरून निशाणं सारखीच दिसतात, नजर जरा हलली की नंबर बदलतो. नियमही साधा आहे. चुकणाऱ्याला शून्य, आणि ज्याच्या कागदावर दोन भोकं त्याला त्यातलं चांगलं. काकांनी सहासमोर मला दोनदा आडवं फिरवलं आणि सातच्या चांदावर धरलं. करंडक डॉक्टरीणबाईंना गेला. चांदातलं भोक कोणाचं हे न विचारता त्यांनी तो गुपचूप घेतला. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण दुसऱ्या नंबरचा.

अध्यक्षांनी खंदकातल्या फोनवर आरडाओरडा केला. काकांनी शांतपणे सांगितलं की दोन्ही भोकांना गोळीची काळी कड आहे, या आणि बघा. तीनदा सांगितलं. एवढं अंतर उन्हात चालत यायला कोणी तयार नव्हतं. चौथ्यांदा फोन आला तो हुकूम होता, की पुढची तुकडी खोळंबली आहे, ठिगळं डकवा आणि चौकटी वर करा. काकांनी हुकूम पाळला. सव्वीस वर्षं जे काम ते चोख करत आले त्याच कामाने त्यांचा पुरावा झाकून टाकला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बैठकीत सांगितलं की काका डॉक्टरीणबाईंना फितूर होते आणि त्यांनी सहावरचं भोक ठिगळाने झाकून सातच्या कागदाला माझ्या टोपणाने भोक पाडलं. माझ्या टोपणाने! माझं टोपण अंगठ्याहून जाड आहे. त्याने भोक पाडायचं म्हटलं तर कागदासकट चौकट मोडेल. हे कोणीही मला हातात घेऊन पाहिलं असतं तर कळलं असतं. कोणी घेतलं नाही. काकांची नोकरी गेली. ते एका शीतगृहावर पहारेकरी झाले. गल्लीत लोक त्यांना 'भोकवाले काका' म्हणू लागले, आणि एवढ्याशा नावापायी त्या माणसाने लग्नकार्याला जाणंही सोडलं.

नेमबाजांच्या जागेमागेच मंडळाचा दिवाणखाना आहे, तिथे मला खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलं. खाली पितळी पाटी लावली, 'खोटं भोक पाडणारी काठी'. एकोणीस वर्षं अध्यक्ष पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून तो किस्सा रंगवून सांगत राहिले. दर वर्षी त्या किश्शातलं भोक थोडं मोठं व्हायचं. मी त्यांच्या टकलावर पडायचा पुष्कळ विचार केला, पण खिळा चांगला पक्का होता.

मग विजेवर चालणारी निशाणं आली. गोळी कुठून गेली ते चौकटीलाच कळतं आणि नेमबाजाच्या शेजारच्या पडद्यावर लगेच ठिपका उमटतो. खंदकात माणूस नको, ठिगळं नकोत, मी तर नकोच. ही यंत्रं बसवायला कंपनीने जी इंजिनिअर पाठवली ती काकांचीच मुलगी होती. माझा धंदा बसवायला आलेली पोर, पण मी तिच्यावर रुसले नाही. वडिलांचं नाव कोणी बुडवलं ते तिला ठाऊक होतं, आणि तिने एकेक तार दोनदोनदा तपासलेली मी खिडकीतून पाहिली.

पहिल्याच सामन्यात अध्यक्षांच्या पडद्यावर शून्य उमटलं आणि शेजारच्याच्या पडद्यावर दोन ठिपके. त्यातला एक चांदात. अध्यक्षांची सवय जाईना. ते उठून ओरडले, "खंदकात कोण बसलंय? त्याला वर बोलवा."

"खंदकात कोणी नाही, साहेब," मुलगी म्हणाली. "काठीही नाही. ती तुमच्या मागे भिंतीवर आहे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझा जीव थंडावला, पण पोट भरलं नाही.

त्या आठवड्यात मंडळाने पाटी काढली आणि दिलगिरीचं पत्र घेऊन माणसं काकांकडे गेली. काकांनी पत्र न उघडता परत दिलं. म्हणाले, मी आयुष्यात बंदूक चालवलेली नाही. सहा नंबरवर मला एक गोळी झाडू द्या, आणि खंदकात काठी घेऊन अध्यक्षांना बसू द्या. अध्यक्षांना हे स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. ते लगेच हो म्हणाले.

रविवारी सकाळी जुनी चौकट उभी केली. मंडळाचे सगळे सभासद वर दुर्बिणी लावून बसले. मी अध्यक्षांच्या हातात होते. वर बंदूक वाजली. डोक्यावरून काहीच गेलं नाही. गोळी पुढच्या बांधात घुसली आणि भसकन माती उडून अध्यक्षांच्या टोपीवर पडली. त्यांनी टोपी झटकली, चौकट नावाला खाली ओढून पुन्हा वर केली, थोडा वेळ विचार केला आणि मला उचलून चकती अगदी चांदावर धरली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी खोटं दाखवलं ते तेवढं एकदाच. टाळी एकही पडली नाही. फोन मात्र वाजला.

"साहेब, माती उडाली ती इथे सगळ्यांनी पाहिली," काकांचा आवाज आला.

"अहो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून दाखवलं," अध्यक्ष म्हणाले.

"तेव्हा तुम्हाला बरं वाटावं म्हणून मीही दाखवलं असतं, तर माझी नोकरी राहिली असती. आता नीट दाखवा."

अध्यक्षांनी फोन ठेवला. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. मी होतं नव्हतं ते सगळं वजन त्यांच्या मनगटात टाकलं. त्यांनी मला निशाणासमोरून आडवं फिरवलं, एकदा, मग पुन्हा एकदा. काठीला खोटं बोलायला कोण लावतं ते सगळ्या दुर्बिणींनी पाहिलं.

त्यांना न्यायला गाडी कोणी पाठवली नाही. मला खांद्यावर घेऊन ते सगळं मैदान चालत आले आणि मान खाली घालून मला काकांच्या हातात दिलं. काकांनी माझी चकती बाहीने पुसली. लोक म्हणतात, काकांनी त्या दिवशी मन मोठं केलं. केलं असेल. मी नाही केलं.

म्हणून मुलांनो, लांब बसलेल्या माणसाला खोटं ठरवण्याआधी त्याच्यापर्यंत चालत जा. हजार यार्डांना बारा मिनिटं लागतात. आणि माझी थोडी निगा राखा. वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा, वाळवी लागू देऊ नका. अध्यक्ष अजून ठणठणीत आहेत, आणि मला त्यांच्या आधी मोडायचं नाही.