फरीदाबादचा अर्धा दगड

मी एक अर्धा दगड बोलतोय. दगडानं बोलणं हाच आगाऊपणा, त्यातून अर्ध्यानं बोलणं म्हणजे फारच झालं. पण तुम्ही ऐकून घ्या.

माझा जन्म उत्तराखंडातल्या मुन्स्यारीच्या वरच्या अंगाला, एका ओढ्यात. अंगातून एक तांबूस रेघ गेलेली, एरवी रूप बेताचंच. ते गाव शौका लोकांचं. त्यांचे वाडवडील व्यापाराला तिबेटात जायचे. तिकडच्या व्यापाऱ्याशी दोस्ती जमली की एक दगड फोडून अर्धा अर्धा वाटून घ्यायचे. पुढे मुलगा जावो की पुतण्या, त्यानं अर्धा दगड दाखवला आणि तो जुळला, की ते घर त्याचंच. मग सरहद्द बंद झाली, व्यापार आटोपला आणि आम्हा दगडांना कोणी विचारेनासं झालं.

बऱ्याच वर्षांनी गावात पाहुणे यायला लागले. चंद्रप्रभा नावाच्या बाईनं गावातल्या बायका गोळा केल्या आणि आपापल्या घरातच पाहुण्यांची सोय केली. डोंगराला झेपतील तेवढीच माणसं घ्यायची, चुलीवर शिजेल ते पाहुण्यांनी खायचं, प्लास्टिक आणलं तसं परत न्यायचं, आणि संध्याकाळी घरच्यांबरोबर लोकर पिंजायला बसायचं. तिच्याकडे फरीदाबादहून हेरंब आणि अलकनंदा हे मराठी जोडपं आलं. हेरंब केंद्र सरकारच्या नोकरीत, सरकारी प्रवास सवलतीवर आलेला, त्यामुळे उत्साह नुसता ओसंडून वाहत होता. लोकर पिंजताना त्यानं शिंकांचा असा सपाटा लावला की अंगणातल्या मेंढ्या बुजल्या. अलकनंदा मात्र तिथे मनापासून रमली. म्हणून निघताना चंद्रप्रभेनं मला ओढ्यातून उचलून आणलं आणि घणाच्या एका घावात माझे दोन तुकडे केले.

"आधा आपका, आधा मेरा," ती म्हणाली. "जो ये लेके आएगा, वो घर का."

"बिल्कुल! हम तो हर साल आएँगे!" हेरंब म्हणाला. तिकडूनही कोणी येऊ शकतं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

फरीदाबादची सोसायटी नवीकोरी. परवापरवापर्यंत तिथे मोहरीची शेतं होती, आता लिफ्ट, इंटरकॉम आणि फाटकावर चौकीदार. हेरंब येईल त्याला मला दाखवायचा आणि 'सस्टेनेबल', 'इको-टूरिझम' असे शब्द तोंडावर फेकायचा. तेव्हा आतल्या रिकाम्या खोलीत एसी चालू असायचा. कौतुक ओसरल्यावर मी बाल्कनीच्या दाराला टेकण म्हणून लागलो.

मग साताऱ्याहून हेरंबचे वडील, अण्णासाहेब, कायमचे राहायला आले. शेजारी सगळे हिंदी-पंजाबी बोलणारे, दिवसभर करायला काही नाही. एकदा त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अगं अलका, हा तर स्वयंभू दिसतोय! आणि तुम्ही त्याला दाराला लावलाय?"

अलकनंदा खरं काय ते सांगणार, तेवढ्यात हेरंबनं तिला खुणावलं. "राहू दे यार. अण्णांना करमतंय तरी."

झालं! मी देवघरात गेलो. माझी फुटलेली सपाट बाजू, जी दुसऱ्या अर्ध्याशी जुळायची, नेमका त्याच बाजूचा अण्णांनी चेहरा केला. दर मंगळवारी तेलात कालवलेला शेंदूर, वर चांदीचे डोळे, पुढे पेढा. खरं सांगतो, मीही शेफारलो.

तीन पावसाळे असे गेले. एका रणरणत्या दुपारी हेरंब-अलकनंदा ऑफिसात असताना बेल वाजली. दारात चौकीदार, आणि त्याच्यामागे घामानं निथळणारी एक मुलगी. हातात दगड. माझा अर्धा! ती चंद्रप्रभेची मुलगी, शिवांगी. पर्यटनाचा कोर्स करायला दिल्लीला आलेली.

"दादाजी, इसका आधा आपके घर में है. मुनिरका में कमरा मिलने तक यहाँ रहना था. माँ ने कहा है, पत्थर दिखा देना."

"हमारे घर में पत्थर-बित्थर कुछ नहीं है," अण्णा म्हणाले. दगड घेऊन देवाच्या नावानं मागणारी कुणी असावी, असं समजून त्यांनी तिच्या हातावर पाच रुपये ठेवले.

शेंदराच्या आत माझा जीव खालीवर होत होता. अहो, मी आहे ना इथे! पण अशा वेळी दगडाचा काय उपयोग?

शिवांगीचे डोळे भरले. तिनं नाणं परत केलं आणि दगडही अण्णांच्याच हातात ठेवला. "तो ये भी आप रख लीजिए. हम इसका क्या करें?"

चौकीदारानं तिची बॅग उचलली. अण्णा हातातल्या दगडाकडे बघत राहिले. तीच तांबूस रेघ! लगबगीनं ते देवघराशी आले, मला उचललं, पाठ पाहिली. मग त्यांनी माझ्या तोंडावरचा शेंदूर नखानं उचकटला. डोळ्यांसकट सगळी खोळ निघून आली. त्यांनी दोन्ही अर्धे एकमेकांना लावले. मधे केसाचीही फट राहिली नाही.

"थांब पोरी!" लिफ्टचं दार लागता लागता अण्णा मराठीतच ओरडले. मग चौकीदारावर खेकसले, "बॅग नीचे रखो! वो घर की है!"

संध्याकाळी घरी आल्यावर हेरंबला वाटलं, देव मोडला म्हणून अण्णा घर डोक्यावर घेतील. पण ते म्हणाले, "देवानं आपणहून खोळ सोडली. भाग्य लागतं त्याला."

हल्ली शिवांगी खोल्या बघायला दिल्लीत मुनिरकाला जाते आणि अण्णा बरोबर जातात. इथे हवा नाही, तिथे पाणी नाही, पलीकडचा जिना अंधारा. परवा एक घरमालक वैतागला. "अंकल, रहना किसको है?"

"रहना इसको है," अण्णा म्हणाले, "लेकिन छोड़के तो मुझे जाना पड़ेगा ना!"

तर मंडळी, आम्ही दोघं अर्धे सध्या देवघरात शेजारी शेजारी आहोत. ती गेली की तिचा अर्धा तिच्याबरोबर जाणार. म्हणून निरोप घेता घेता एकच विनंती: मुनिरकात तुमच्या पाहण्यात एखादी हवेशीर, स्वस्त, चांगली खोली असेल, तर कृपा करून आमच्या घरी कळवू नका.