मठ्ठपणाची शिकवणी

मंगळवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशेजारी भिंगरी एका पायावर उभी होती आणि तिचे वडील हातात घड्याळ धरून ती कधी डगमगते याची वाट पाहत होते.

"सातव्या सेकंदाला पाय खाली," ते म्हणाले. "वीस सेकंद तर बगळाही उभा राहतो."

"बाबा, बगळा तासभर राहतो."

"मग तू बगळ्याहून मठ्ठ हो. सातच!"

वडील घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे. आकड्यावर त्यांची श्रद्धा होती. आकडा कुठून आला याची चौकशी त्यांच्या कामात बसत नव्हती. आई प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे शाळेत आणि गल्लीत तिला सगळे बाईच म्हणत. बावीस वर्षं बाईंनी लोकांच्या मुलांना नापास होऊ दिलं नव्हतं. आता त्या स्वतःच्या मुलीला नापास व्हायला शिकवत होत्या.

त्याचं असं झालं होतं. भिंगरी कॉलेजच्या सायकल टीममध्ये निवडली गेली. टीममध्ये मुली आठ, शर्यतीला उतरायच्या सहा, आणि त्या सहांत टिकेल तिची फी माफ. हंगामाआधी टीमचे डॉक्टर प्रत्येकीच्या डोक्याची परीक्षा घेत: पाच शब्द ऐकून पुन्हा सांगा, महिने उलटे म्हणा, एका पायावर उभ्या राहा. तो निकाल जपून ठेवत. पुढे कुणी डोक्यावर आपटली की तीच परीक्षा पुन्हा. निकाल घसरला तर महिनाभर सायकल बंद, जागा दुसरीला.

यावर टीममधल्या घरांनी एक रीत काढली होती. हंगामाआधी मठ्ठ व्हायचं. पहिला निकालच तळाला असला तर आपटल्यावर घसरणार कुठे? नवी मुलगी निवडली गेली की कॅप्टनची आई तिच्या घरी जायची, चहा घ्यायची आणि हे ज्ञान देऊन यायची.

"तीन वर्षांत आमची एकही पोरगी जखमी नाही," ती बाईंना म्हणाली होती. "म्हणजे, कागदावर."

ते 'कागदावर' बाईंना टोचलं होतं. पण घरात आनंद असताना टोचलेलं काढत कोण बसतं?

"झाड, चमचा, घंटा, दोर, साबण," बाई म्हणाल्या. "आता विसर."

"झाड... साबण... आणि... अं..."

"हे पाठांतर झालं. खरं विसरलेलं पोर असं छताकडे बघत नाही. ते चिडतं."

"तुला गं काय माहीत?"

"बावीस वर्षं विसरणाऱ्यांतच काढलीत."

भिंगरी खो खो हसली. वर्गात पहिली येणारी पोर ती. विसरायलाही तिला अभ्यास करावा लागला.

परीक्षेत तिने दोन शब्द सांगितले, सप्टेंबरला अडकली आणि सातव्या सेकंदाला पाय टेकला. "या टीमला पुढचं चाक कुठलं ते कळतं हेच नवल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पहिली आपट एका उतारावरच्या वळणावर झाली. भिंगरीचं काम कॅप्टनच्या पुढे राहून वारा अडवायचं. पुढची सायकल घसरली, ही तिच्यावर जाऊन रस्त्यावर पडली, हेल्मेटला उभी चीर गेली. डॉक्टरांच्या तंबूत परीक्षा झाली. दोन शब्द, सप्टेंबर. "होती तशीच आहे," डॉक्टर म्हणाले, आणि बाबांनी बाईंना टाळी दिली. तेरा दिवसांनी ती पुन्हा पडली. पुन्हा होती तशीच. "हिचं डोकं म्हणजे दगड!" कोच म्हणाला. ही तारीफ घरी दोनदा सांगण्यात आली.

मग भिंगरी भरदिवसा पडदे ओढून बसू लागली. एकदा तिने अंडी उकडायला ठेवली, पाणी न घालता. बाबा पोट धरून हसले. "अगं, परीक्षा संपली! आता हो हुशार!"

तीही हसली. जरा उशिरा.

तो उशीर बाईंच्या मनातून जाईना. मोठ्या शर्यतीच्या सकाळी, मैदानावर बूट बांधत बसलेल्या मुलीसमोर त्या वाकल्या.

"पाच शब्द सांगते. आज सगळे सांगायचे, खरे खरे. नदी, खिळा, टोपी, दिवा, मीठ." मिनिटभर थांबून त्या म्हणाल्या, "हं, सांग."

"नदी... टोपी."

"चेष्टा पुरे, भिंगरे."

"कसली चेष्टा?" ती एकदम चिडली. "दोनच तर सांगितलेस!"

तिने छताकडे नाही, आभाळाकडे नाही, कुठेच वर बघितलं नाही. बाई ताडकन उभ्या राहिल्या.

"घाबरलीय ती," बाबा म्हणाले. "शर्यत झाल्यावर बघू."

"काय बघणार? काय उरलंय ते?"

आणि त्या तरातरा डॉक्टरांच्या तंबूत शिरल्या. "डॉक्टर, माझ्या मुलीचा पहिला निकाल खोटा आहे. मी शिकवला तिला. लिहून देते."

"बाई, जरा हळू," कोच पुटपुटला.

कॅप्टनची आई धावत आली. "तुमची काढा की टीममधून! आमच्या पोरींच्या मुळावर का उठताय?"

"कारण ही विद्या तुम्हीच माझ्या घरी चहा पिऊन शिकवलीत."

डॉक्टरांनी पहिल्या निकालांचे कागद समोर मांडले. असे सहा कागद, आणि सहाही सप्टेंबरला अडकलेले. त्यांनी सहाही मुलींना पाठीवरचे नंबर काढायला सांगितलं. मग जो गदारोळ झाला त्यात बाईंना नाही नाही ते ऐकावं लागलं. बाबा पाच पावलं लांब उभे राहिले, चुकीच्या लग्नाला आल्यासारखे.

"आई, वाटोळं केलंस माझं," भिंगरी रडत म्हणाली.

"केलं होतं गं. आज थांबवलं."

शिट्टी झाली. बाकीच्या कॉलेजांच्या सायकली सर्रकन निघून गेल्या. भिंगरीला डॉक्टरांनी आत आडवं केलं होतं. तंबूबाहेरच्या बाकावर बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्याशी बोलायला कुणी तयार नव्हतं. एवढ्यात समोर कॅप्टन येऊन उभी राहिली, हेल्मेट अजून डोक्यावरच.

"काकू, आईला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "मार्चपासून मला रस्त्यावरच्या एका पांढऱ्या रेघेच्या दोन दिसतात. मी दोन्हींच्या मधून चालवते."

बाईंनी सरकून तिला जागा करून दिली. मग आणखी सरकल्या, कारण तिच्या मागे अजून दोघी उभ्या होत्या.