दोन नकाशांमधली वस्ती

दोन शेजारी शहरं, दोन पालिका. प्रत्येकीचा जलवाहिन्यांचा नकाशा हद्दीपाशी येऊन थांबतो, जणू पलीकडे माणसंच राहत नाहीत. ते नकाशे जोडून अख्ख्या प्रदेशाचं एक चित्र करायचं, हे आमच्या अभ्यास केंद्रातलं माझं दोन वर्षांचं काम. सोमवारी अहवाल मंजूर झाला. मंगळवारी आत्याचा फोन आला.

"अगं, पाण्याची नवी लाइन आमच्याकडे येणार नाही म्हणे. तुझ्या अहवालात आमच्याकडे आधीच दोन लाइनी आहेत!"

आत्याकडे एकही नाही. टँकर येतो, तोही मर्जी असेल तेव्हा.

मी नकाशा उघडला आणि चूक दिसली. कडा जुळेनात म्हणून मी एक नकाशा दुसऱ्यावर बोटभर सरकवला होता. आत्याची वस्ती नेमकी त्या बोटाखाली, आणि दोन्हीकडच्या रेघा तिच्यावरून गेलेल्या. एवढी शिकले आणि दिवे लावले!

बुधवारभर दोन्ही पालिकांचे जिने चढले-उतरले.

"ती वस्ती आमच्यात नाही, मॅडम. पलीकडे विचारा," इकडचे इंजिनिअर म्हणाले.

पलीकडच्यांनी चहा पाजून तेच सांगितलं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मला दोघांची टेबलं उलथवावीशी वाटली.

गुरुवारी केंद्रात सर म्हणाले, "दुरुस्तीला दोन्ही पालिकांच्या सह्या हव्यात. नाहीतर लेखकानं अहवालच मागे घ्यायचा, तोही आज पाचच्या आत. मग नव्यानं पाहणी. पण तुझ्या नोकरीची मुदतवाढ विसर."

जेवण गेलं नाही. तीनदा पत्र लिहिलं, दोनदा फाडलं. सरांचा राग येत होता, आत्याचाही. तिनं फोनच केला नसता तर! स्वतःची लाज वाटली. पावणेपाचला पत्र सरांच्या टेबलावर आपटलं आणि जिन्यातूनच आत्याला फोन लावला.

"अहवाल मागे घेतला गं. आता तुमची वस्ती मोजतील."

"मग पाणी कधी?"

"वर्ष तरी जाईल."

"आणि तुझी नोकरी?"

"गेली."

"मूर्ख आहेस," आत्या म्हणाली. "आता इकडेच ये राहायला. हंडे उचलून माझी कंबर गेलीय."