थेंबाला न शिवलेला माणूस

दिघीच्या बदरुद्दीनचाचांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. उमेदीची सगळी वर्षं आखातात काढली, सोबतचे गडी लपूनछपून बाटली उघडायचे, पण चाचांनी दारूचा थेंब ओठांना लावला नाही. ते आपले थंड्याची, म्हणजे गोड कोल्ड्रिंकची, बाटली घेऊन कोपऱ्यात बसायचे. गावी परतल्यावरही ती सवय सुटली नाही. जेवणावर थंडा, पाहुण्यासोबत थंडा, घसा कोरडा पडला तरी थंडाच.

मग एकदा पोटाच्या उजव्या अंगाला जड वाटू लागलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे, सूजही दिसते. गोड बंद करा, रोज चाला."

लिव्हर बिघडलं म्हणजे माणूस पिणारा, असं सगळा गाव मानतो, आणि चाचाही त्याच गावातले. त्यात झोयाचं, त्यांच्या लेकीचं, खाडीपलीकडच्या आगरदांड्याच्या तौहीदशी लग्न जमत आलेलं. व्याह्यांच्या कानावर गेलं तर? चाचांनी दार लावून फक्त बायकोला, फरिदाचाचीला, सांगितलं. गोड सोडलं तर लोक कारण विचारतील, म्हणून तेही सोडलं नाही. आब राखायला हा भला माणूस रोज थोडं थोडं विष घेत राहिला!

त्यांची पुतणी काशिफा मुंबईत शास्त्रज्ञ. लिव्हरमधली चरबी एखाद्याच्या अंगात निमूट पडून राहते आणि दुसऱ्याच्या अंगात सूज का धरते, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी तिने गावच्या शाळेत तपासणी ठेवली. कुणी फिरकलं नाही. "आमी कुठं पितो?" म्हणत लोक पुढे गेले. हिरमुसून ती चाचांकडे आली, तेव्हा फरिदाचाचीला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं.

"चाचा, मला का न्हाय सांगितलंत?"

"काय तोंडानं सांगू, बेटा? लोक म्हनतील, बाहेरगावी पीत व्हता."

"गोड, मैदा, बसून राहणं, यानंही चरबी साठते, चाचा. काहींना तर घराण्यातूनच येतं. आत सूज धरली की साखर वाढते, हृदयावर ताण येतो, लिव्हर हळूहळू कडक होत जातं. दुखत नाही म्हणून कळत नाही. पण आत्ता सावरलं तर ते पुष्कळ भरून येतं. शरम धरलीत तर न्हाय येणार."



शुक्रवारी, जुम्याच्या दुपारी, आगरदांड्याचे पाहुणे फेरीबोटीने आले. सुपारी फुटली. फरिदाचाचीने थंड्याचे ग्लास फिरवले. तौहीदच्या वडिलांनी आग्रहाने एक चाचांपुढे धरला. "घ्या भाई, खुशीचा मोका हाय."

चाचांचा हात पुढे आला आणि थांबला. त्यांनी झोयाकडे पाहिलं. "माफ करा. माझ्या लिव्हरला सूज हाय. अल्लाची कसम, कधी थेंब घेतला न्हाय. सोयरीक नको वाटली तर आत्ताच सांगा."

झोयाचा चेहरा पांढराफटक पडला.

तौहीदच्या आईने पदर डोळ्यांना लावला. "माझा धाकटा दीर याच बिमारीनं गेला. तोपन हेच सांगत व्हता, मी पीत न्हाय, मी पीत न्हाय. कुनी मानलं न्हाय." ती नवऱ्याकडे वळली. "आपन पन न्हाय मानलं."

तौहीदच्या वडिलांनी मान खाली घातली. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि दाराशी उभ्या काशिफाला विचारलं, "बेटी, शाळेतली तुझी तपासनी अजून चालू हाय?"

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे पहिले उभे होते ते दोघे व्याही. त्यांना पाहून मशिदीतून परतणारे थबकले, आणि दुपारपर्यंत व्हरांडा भरून गेला. चाचा आता संध्याकाळी जेटीपर्यंत चालत जातात. कुणी विचारलं तर कारण न लपवता सांगतात.

वाचकहो, आजार हा आजार असतो, तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. पिणाऱ्यालाही औषध हवं, न पिणाऱ्यालाही, आणि दोघांनाही आधी आपल्या माणसांचा विश्वास हवा. तौहीदच्या काकाला तो मिळाला नाही. तुमच्या घरात कुणी असंच काही सांगू पाहत असेल, तर त्याचं ऐकून घ्या.